स्क्रू गेला, स्प्रिंग आली आणि क्रिम्पिंग उघडं पडलं: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतलं मध्यम आकाराचं पॅनेल शॉप, म्हणजे मशीनची इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवणारं. मालक स्वतः डिप्लोमा इंजिनिअर, वायरिंगला आयटीआय झालेली मुलं-मुली. काम बहुतेक मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचं: पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) पॅनेल, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) पॅनेल, ऑपरेटर डेस्क. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी एक खुलासा. पॅनेलवाल्यांच्या बोलण्यात वायरवर चढवायच्या नंबरच्या नळीलाही फेरूल म्हणतात. इथे फेरूल म्हणजे मल्टिस्ट्रँड वायरच्या टोकाला बसवायची, कथील चढवलेली तांब्याची नळी. मागे प्लास्टिकची रंगीत कॉलर असते. ही नळी पकडीने दाबून वायरवर पक्की करणं म्हणजे क्रिम्पिंग. कुणी हिला पिन थिंबल म्हणतं, कुणी एंड स्लीव्ह.

या शॉपमध्ये वर्षानुवर्षं स्क्रूची टर्मिनलं वापरली जात. फेरूल दाबायला एकच पक्कड होती: लाल, निळा, पिवळा असे तीन ठिपके असलेली, इन्सुलेटेड थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचे प्लास्टिक चढवलेले जोड, दाबायची रॅचेटवाली. तिचे जबडे लंबगोल असतात आणि ती रिंग नि फोर्क थिंबलसाठीच बनवलेली असते. फेरूलही तिच्यातच दाबली जायची. तक्रार कधी आली नव्हती, त्यामुळे कुणी विचारही केला नव्हता.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने स्पेसिफिकेशन बदललं. स्क्रूऐवजी पुश-इन स्प्रिंग टर्मिनल हवीत, ज्यांत वायर नुसती आत ढकलायची आणि स्प्रिंग ती धरते; वायरिंग पटापट होतं आणि साइटवर स्क्रू पुन्हा आवळत बसावे लागत नाहीत. शॉपने टर्मिनल बदलली, ड्रॉइंग बदललं, खरेदीची यादी बदलली. पक्कड तीच राहिली.

अडचण

त्या गिऱ्हाइकाची एक पॅकेजिंग लाइन गुजरातेत सानंदजवळच्या कारखान्यात बसली. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग लाइन मधूनच थांबायला लागली. दरवाजे बंद, इमर्जन्सी स्टॉप मोकळे, आणि तरीही सेफ्टी रिले, म्हणजे सुरक्षेचं सर्किट (सेफ्टी लूप) तुटलं की मशीन थांबवणारा रिले, पडलेला. रिसेट दाबलं की पुन्हा चालू. कधी दिवसभर काही नाही, कधी एका पाळीत तीनदा.

संशय आधी जिथे जातो तिथेच गेला. दरवाज्याचे स्विच बदलले. व्हीएफडीचा नॉइज (विजेचा व्यत्यय) असेल म्हणून शील्डचं अर्थिंग पुन्हा केलं. २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय बदलला. पीएलसीच्या नोंदींत काहीच सापडेना. त्यात नवल नाही. बहुतेक पीएलसीच्या इनपुटला काही मिलिसेकंदांचा फिल्टर असतो, तेवढ्या छोट्या खंडाची पीएलसी दखलच घेत नाही. सेफ्टी रिलेला मात्र छोटा खंडही पुरतो, आणि एकदा पडला की तो आपणहून उठत नाही. म्हणजे ज्याच्याकडे नोंद असते त्याला काही दिसलं नाही, आणि ज्याला दिसलं त्याच्याकडे नोंद नव्हती.

उलगडा केला तिथल्या मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनने. लाइन चालू असताना तो टर्मिनल स्ट्रिपवरच्या वायरी लाकडी पट्टीने एकेक करून हलवत गेला. एका वायरीपाशी रिले पडला. सप्लाय बंद करून त्याने ती वायर ओढली. "साहेब, हातात आली बघा," त्याने फोनवर सांगितलं. वायर हातात आली होती, फेरूल टर्मिनलमध्येच बसून होती.

ती फेरूल बाहेर काढून उभी चिरली, तेव्हा आत तीन गोष्टी दिसल्या. दाब फक्त मधोमध होता, एकच चपटा पट्टा. दोन्ही टोकांना नळी गोलच राहिली होती. वायर होती ०.७५ चौरस मिलिमीटरची आणि फेरूल अडीचची, म्हणून वायरचे तंतू दुमडून दुहेरी करून आत सारले होते. आणि सोललेला भाग आखूड होता, तंतू नळीच्या पुढच्या टोकापर्यंत पोहोचलेच नव्हते. स्प्रिंगने जिथे पकडलं होतं तिथे आत तांबं नव्हतं, नुसती पोकळ नळी.

मुळाशी काय होतं

फेरूल लावलेल्या वायरीत एक नव्हे, दोन जोड असतात. पहिला वायर आणि फेरूलमधला, तो क्रिम्पने होतो. दुसरा फेरूल आणि टर्मिनलमधला. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये स्क्रू आवळताना फेरूल पुन्हा दाबली जाते, आतले तंतूही दाबले जातात. म्हणजे पहिला जोड कच्चा असला तरी स्क्रू तो बराचसा सुधारून घेतो. पुश-इनची स्प्रिंग असं काही करत नाही. ती ठरावीक जोराने फेरूलला बाहेरून धरते, बस. आतला क्रिम्प ढिला असेल तर तो ढिलाच राहतो, आणि भोसरी ते सानंद ट्रकमधला प्रवास, नंतर मशीनची कंपनं हे सगळं त्याच्यावरच येतं.

म्हणून इतकी वर्षं तक्रार नव्हती. पक्कड चुकीची होती तेव्हाही चुकीचीच होती. स्क्रूचं टर्मिनल तिला सांभाळून घेत होतं.

ठिपक्यांचा गोंधळही यातच मिसळला होता. थिंबलच्या पकडीवर लाल ठिपका म्हणजे साधारण दीडपर्यंत, निळा म्हणजे दीड ते अडीच, पिवळा म्हणजे चार ते सहा. फेरूलच्या कॉलरचे रंग वेगळ्या हिशेबाने चालतात. जर्मन डीआयएन ४६२२८ प्रमाणे ०.५ पांढरी, ०.७५ राखाडी, १.० लाल, १.५ काळी, २.५ निळी, ४ पुन्हा राखाडी, ६ पिवळी. बाजारात दुसरी, फ्रेंच म्हणून ओळखली जाणारी मालिकाही मिळते. तिच्यात ०.७५ निळी आणि २.५ राखाडी. शॉपचा माल दोन व्यापाऱ्यांकडून यायचा आणि दोन्ही मालिका एकाच ट्रेमध्ये नांदत होत्या. ड्रॉइंगवर "राखाडी फेरूल" लिहिलं होतं, ती वायरिंग करणाऱ्या मुलीने ट्रेमधून उचलली, ती निघाली अडीचची. ०.७५ची वायर तिच्यात लोंबायला लागली, म्हणून तिने तंतू दुमडले. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच केलं असतं. हातात जे आहे त्यात काम बसवायचं, हीच तिला शिकवण होती.

साइटवरचा पहिला निर्णय

तीन मार्ग होते. फक्त सेफ्टी लूपच्या वायरी पुन्हा क्रिम्प करायच्या. किंवा पॅनेलमधल्या सगळ्या कंट्रोल वायरी. किंवा नवं पॅनेल बनवून पाठवायचं.

तिसरा लगेच बाद झाला, वेळ आणि पैसा दोन्ही नव्हतं. पहिला मोहात पाडणारा होता, कारण कारखान्याला लाइन सोमवारी सकाळी हवी होती. पण चुकीची पक्कड सगळ्याच वायरींना लागली होती. एक लूप सुधारून परत यायचं म्हणजे पुढच्या फोनची वाट बघायची. ठरलं असं: रविवारी सेफ्टी लूप आणि २४ व्होल्टचं वाटप, बाकीचं पुढच्या शटडाउनमध्ये. त्या कारखान्याच्या मेंटेनन्सकडे स्वतःचं सेल्फ-अॅडजस्टिंग, म्हणजे फेरूलच्या मापाला आपोआप जुळणारं, टूल होतं, ते मागून घेतलं.

काम सुरू झाल्यावर एक गोष्ट आडवी आली, ती आधी कुणाच्या डोक्यात नव्हती. जुनी फेरूल कापली, नवीन सोललं, की वायर प्रत्येक टोकाला दीड-दोन सेंटिमीटर आखूड होते. पॅनेल सुबक दिसावं म्हणून वायरी डक्टमध्ये अगदी मापात बसवल्या होत्या. काही टर्मिनलपर्यंत पोहोचेनात. त्या पूर्ण बदलाव्या लागल्या, नंबर नव्याने छापून. रविवारचा अर्धा वेळ त्यातच गेला. डक्टमध्ये थोडी ढील ठेवा असं प्रत्येक सीनियर सांगतो आणि सुबकपणाच्या नादात ते पहिलं विसरलं जातं.

टूलची निवड: काय तोललं

परत आल्यावर शॉपमध्ये पहिला सूर असा होता की फेरूलच बंद करू. पुश-इनमध्ये तंतूंची वायर नुसतीही जाते, बटण दाबून धरायचं की झालं. हे चूक नाही, बहुतेक पुश-इन टर्मिनलचे कॅटलॉग तशी परवानगी देतात. पण प्रत्येक वायरीला स्क्रूड्रायव्हरने बटण दाबून धरायचं म्हणजे पुश-इनचा फायदाच गेला. शिवाय एखादा तंतू बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकायची भीती. पीएलसीच्या आय/ओ (इनपुट-आउटपुट) कार्डाच्या दाट कनेक्टरमध्ये तर ते नकोच. वायरला सोल्डर लावून टोक कडक करायची जुनी युक्तीही कुणीतरी काढली. ती तिथेच मोडून काढली. सोल्डर दाबाखाली हळूहळू बसत जातं आणि पकड सुटते. यंत्रांच्या वायरिंगचं मानक आयईसी ६०२०४-१ सुद्धा सोल्डरसाठी बनवलेली टर्मिनल सोडून इतरत्र सोल्डर लावलेली टोकं चालवून घेत नाही.

मग टूलचा प्रकार. बाजारात ढोबळमानाने दोन घराणी. एक ठरावीक खाच असलेली, जिथे प्रत्येक मापाला वेगळी खाच असते आणि क्रिम्पचा आकार बहुधा ट्रॅपेझॉइड येतो, म्हणजे एका बाजूला रुंद चपटा. पकड घट्ट असते, पण खाच चुकली की काम चुकलं. दुसरी सेल्फ-अॅडजस्टिंग, जी फेरूलच्या मापाप्रमाणे आपोआप जुळते आणि चौकोनी किंवा षट्कोनी दाब देते. हिच्यात खाच निवडायचा प्रश्नच नाही. रंगांचा घोळ झालेल्या शॉपला हेच हवं होतं.

चौकोनी की षट्कोनी, यावर बराच खल झाला. षट्कोनी क्रिम्प गोलाच्या जवळ जातो, त्यामुळे गोल तोंडाच्या आणि अरुंद कनेक्टरमध्ये सहज शिरतो. चौकोनी क्रिम्पला सपाट बाजू मोठी मिळते, स्प्रिंगच्या पत्र्याला टेकायला ती चांगली. पण कर्णातून मोजलं तर तो जाडा भरतो आणि तिरका घातला तर अडतो. याचं उत्तर टूलच्या कॅटलॉगमध्ये शोधायचं नसतं, ते टर्मिनलच्या डेटाशीटमध्ये असतं. मालकाने दोन्ही प्रकारची टुलं आठवड्यासाठी मागवली आणि शॉपमध्ये चालणारं प्रत्येक टर्मिनल समोर ठेवून क्रिम्प घालून बघितले. पॅनेलमधल्या धातूच्या रेलवर बसणाऱ्या टर्मिनलमध्ये दोन्ही बसले. आय/ओ कार्डाच्या कनेक्टरमध्ये चौकोनी १.५ अडला. डेटाशीट उघडली तर तिथे दोन आकडे होते: नुसत्या वायरसाठी कमाल माप मोठं, कॉलरवाल्या फेरूलसाठी लहान. तो दुसरा आकडा ड्रॉइंग करणाऱ्याने कधी वाचलाच नव्हता. आय/ओसाठी ०.५ची वायर ठरली, बाकी कंट्रोलला ०.७५, आणि टूल चौकोनी दाबाचं.

किमतीत मोठी दरी होती. चिनी बनावटीचं सेल्फ-अॅडजस्टिंग तेव्हा हजार-दीड हजारात येत होतं. क्निपेक्स, वाइडम्युलर, फीनिक्स कॉन्टॅक्ट, वागो यांची टुलं त्याच्या कितीतरी पट. मालकाचा कल एक महागडं घेऊन सगळ्यांनी वाटून वापरायचं याकडे होता. मला ते पटलं नाही. एक टूल पाच टेबलांवर फिरणार म्हणजे चार टेबलांवर जुनी ठिपक्यांची पक्कडच उघडणार. शेवटी प्रत्येक टेबलाला एक स्वस्तातलं आणि तपासणीच्या टेबलावर एक चांगलं, तुलनेसाठी, असं ठरलं. थिंबलची पक्कड पॉवर वायरिंगच्या टेबलावर गेली आणि कंट्रोलच्या टेबलांवरून कायमची हलली. माझ्या मते नव्या टुलाच्या खरेदीपेक्षा जुनी पक्कड हलवणं जास्त कामी आलं.

मालावरही निर्णय झाला. एकच रंगमालिका, डीआयएनची. दुसऱ्या मालिकेचा उरलेला माल व्यापाऱ्याला परत. लांबी शक्यतो एकच, दहा मिलिमीटरची नळी. आठची नळी त्या टर्मिनलमध्ये स्प्रिंगच्या पुढे जेमतेम जात होती. दहाच्या नळीला बारा मिलिमीटर सोलायचं. क्रिम्प केल्यावर तंतू नळीच्या तोंडाशी दिसलेच पाहिजेत, अर्धा मिलिमीटर बाहेर आले तर चालतील, त्याहून जास्त असतील तर कापून सपाट करायचे. वायर स्ट्रिपरला थांबा लावून बारावर बांधून टाकला, म्हणजे नजरेने मोजायचं कामच उरलं नाही.

एका फेरूलमध्ये दोन वायरी घालायची सवय होती, विशेषतः शून्य व्होल्टच्या लूपमध्ये. त्यासाठी जोड फेरूल मिळते, दोन वायरींची एकच रुंद कॉलर असलेली. पण टर्मिनल दोन वायरींसाठी बनवलेलं असेल तरच ती वापरायची, नाहीतर मानक परवानगी देत नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे टर्मिनलच्या वरून ब्रिज, म्हणजे शेजारची टर्मिनलं जोडणारी पट्टी, घालणं. २४ व्होल्ट आणि शून्याचं वाटप ब्रिजवर नेलं, आणि जोड फेरूलची गरज जवळपास संपली.

तपासणी, आणि चाकाची गोष्ट

चांगला क्रिम्प डोळ्यांना दिसतो, पण पूर्णपणे नाही. म्हणून ओढून बघायची साधी सोय केली. रेलच्या तुकड्यावर टर्मिनल बसवायचं, क्रिम्प केलेली वायर त्यात घालायची, खाली वजन टांगायचं आणि एक मिनिट थांबायचं. टर्मिनलमधून वायर निसटू नये म्हणून आयईसी ६०९९९-१ मध्ये ओढीचे आकडे दिले आहेत: ०.७५ला ३० न्यूटन, १.५ला ४०, २.५ला ५०. म्हणजे साधारण तीन, चार आणि पाच किलो. हे आकडे टर्मिनलच्या पकडीचे आहेत, क्रिम्पची शाबासकी नव्हे. पण क्रिम्प त्याच्याही आत सुटत असेल तर पुढे बोलायलाच नको. वाण्याच्या तराजूची लोखंडी वजनं आणली, तेवढ्यावर काम भागलं. प्रत्येक टूल, रोज सकाळी, एक नमुना.

काही आठवड्यांनी एका टेबलाचे नमुने निसटायला लागले. टूल तेच, फेरूल तीच, सोलणंही बरोबर. टूल हातात घेऊन दाबलं तर फारच हलकं लागलं. या टुलांच्या अंगावर दाब कमी-जास्त करायचं छोटं दातेरी चाक असतं. ते उणेच्या बाजूला फिरवलेलं होतं. टेबलावरच्या मुलीला विचारलं, तर ती सरळ म्हणाली, "सर, दुपारनंतर हात भरून येतो. फिरवलं की हलकं जातं."

यावर दोन प्रतिक्रिया आल्या. सुपरवायझरला चाक कायमचं चिकटवून टाकायचं होतं. मालकाने आधी तिच्या पाळीतले क्रिम्प मोजायला लावले. आकडा शेकड्यांत निघाला, आणि सगळे एकाच हातावर. काम वाटून दिलं गेलं: सकाळी एकीने सोलायचं आणि नंबर चढवायचे, दुसरीने क्रिम्प, जेवणानंतर उलट. चाकावर लाल नेलपॉलिशची रेघ मारली, अर्धी चाकावर, अर्धी टुलाच्या अंगावर. रेघ तुटली की चाक फिरलंय हे लांबूनही दिसतं. रॅचेटमुळे दाब पुरा झाल्याशिवाय टूल उघडत नाही, पण चाक ढिलं असेल तर "पुरा" म्हणजे किती, हेच बदलून जातं. रॅचेटवर विसंबून राहणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

निष्पत्ती

सानंदची लाइन रविवारच्या कामानंतर त्या कारणाने पुन्हा थांबली नाही. उरलेल्या वायरी शटडाउनमध्ये झाल्या. त्यानंतर गेलेल्या पॅनेलमधून फेरूल सुटल्याची तक्रार आलेली नाही, पण हा काळ अजून फार मोठा नाही. वायरिंगचा वेग सुरुवातीला थोडा कमी झाला, नंतर पूर्ववत झाला. खाच शोधायचा वेळ वाचतो, तो सोलण्याच्या काटेकोरपणात जातो.

काय वेगळं करता आलं असतं

टर्मिनल बदलणं हा खरेदीचा बदल समजला गेला. तो पद्धतीचा बदल होता. स्क्रू जाऊन स्प्रिंग आली त्याच दिवशी एक नमुना पॅनेल करून, वायरी ओढून बघितल्या असत्या तर सगळं भोसरीतच कळलं असतं.

साइटवर कापलेल्या जुन्या फेरूल भंगाराच्या डब्यात गेल्या. त्या ठेवायला हव्या होत्या. किती क्रिम्प खरोखर वाईट होते, किती नुसते दिसायला वाईट, कुठल्या मापात दोष जास्त, हे आता कधीच कळणार नाही. मालकाला गिऱ्हाइकापुढे अंदाजानेच बोलावं लागलं.

आणि पहिले काही आठवडे सगळे नॉइजच्या मागे धावले. अधूनमधून येणाऱ्या दोषात आधी वायरी हलवून बघणं हे सर्वांत स्वस्त काम. ते इलेक्ट्रिशियनने केलं, इंजिनिअरांनी नाही.

एक प्रश्न अजून लोंबकळतो आहे. पॅनेलमधलं वायरिंग आता ठीक आहे, पण फील्डमधून येणाऱ्या सेन्सरच्या वायरी साइटवरचा कंत्राटदार जोडतो, हाताला येईल त्या पकडीने. पॅनेलसोबत योग्य फेरूलची पिशवी पाठवायला शॉप तयार झालं. टूलही पाठवा, असं गिऱ्हाइकाचं म्हणणं आहे. त्याचे पैसे कोणाच्या कोटेशनमध्ये धरायचे, यावर दोन्हीकडच्या परचेसमध्ये ईमेल चालू आहेत.